एक रेघ, एक आणा

मूल गावातल्या घरी आजोबांची धानाच्या व्यवहाराची वही अजून आहे. लाल कापडी बांधणी, कडा वाळवीने खाल्लेल्या. एका पानावर ‘१३॥।=’ असं लिहिलंय. कॉलेजात जाणाऱ्या भाचीला वाचायला दिलं. ती म्हणाली, “तेरा, मग तीन दंड, मग बरोबरचं चिन्ह.” तिचा काय दोष? उभी रेघ म्हणजे चार आणे आणि आडवी रेघ म्हणजे एक आणा, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. रक्कम आहे तेरा रुपये चौदा आणे. आजोबांना मोजावं लागत नसे. रेघांवर नजर पडली की तोंडून आकडा निघायचा.

हीच रीत आपल्या जंगलपट्ट्यात आणखी एका लिपीतून आली. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली निर्वासित कुटुंबं तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात वसवली गेली. आज मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत त्यांची गावं आहेत, चंद्रपूर शहरात बंगाली कॅम्प आहे. आपल्याकडे नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, पाकिस्तानात १ जानेवारी १९६१ ला. म्हणजे ही मंडळी जो हिशेब शिकून आली, तो आण्यांचाच. बंगालीत एक, दोन, तीन आण्यांसाठी तिरक्या रेघांच्या खुणा, चार आण्यांसाठी उभी रेघ, बारा आण्यांसाठी वेगळी खूण, आणि शेवटी एक वळणदार चिन्ह, ‘हे सोळांश आहेत’ असं सांगणारं. चार-चार आण्यांचे गठ्ठे त्यांचेही आणि आपलेही. आपण ‘सोळा आणे खरं’ म्हणतो, ते ‘षोलो आना’ म्हणतात. दोन्हीचा अर्थ पुरेपूर. इतकं जवळचं नातं शेजारी राहूनही आपल्या लक्षात आलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

संगणकात प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. तो ज्या युनिकोडमध्ये ठरतो, तिथे या बंगाली खुणांना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जागा मिळाली. पण क्रमांकासोबत त्या खुणेचं मोलही नोंदवावं लागतं, आणि तिथे चूक झाली. एक आण्याच्या रेघेपुढे लिहिलं गेलं १, दोन आण्यांपुढे २, चार आण्यांपुढे ४. संगणकाला कळलं की ही रेघ म्हणजे एक. ती रुपयाचा सोळावा भाग आहे, हे कळलं नाही. पुढे दुरुस्ती झाली. आता तिथे १/१६, १/८, ३/१६, १/४ अशी मोलं आहेत. नाव मात्र जुनंच, ‘चलन अंश एक’, कारण एकदा दिलेलं नाव युनिकोड बदलत नाही. आकार नीट उतरला होता आणि हिशेब सोळापट चुकला होता. मी त्या नोंदीकडे पुन्हा पुन्हा बघतो.

आपल्या पाव, अर्धा, पाऊण आणि आण्यांच्या खुणा युनिकोडमध्ये यायला २००९ उजाडलं, मोडी लिपीला २०१४. दोन्हींसाठी अंशुमान पांडे या अभ्यासकाने प्रस्ताव लिहिले. जुन्या वह्या-कागदांतले नमुने जोडून एकेका रेघेची बाजू मांडावी लागते, तेव्हा तिला क्रमांक मिळतो.

आणि हा विषय फक्त आठवणींचा नाही. जुन्या वाटणीपत्रांत ‘चार आणे हिस्सा’ लिहिलेला असतो. तो वाचता आला नाही तर बांधावरून भांडण होतं. सरकार पिकाची पैसेवारी जाहीर करतं, तेव्हा आमच्याकडचा धानवाला शेतकरी अजूनही ‘आणेवारी किती लागली?’ असंच विचारतो. पन्नास पैशांच्या आत लागली तर दुष्काळाच्या सवलतींची आशा असते, म्हणजे आठ आण्यांचाच उंबरठा. शब्द टिकलाय, रेघ गेली.

ती वाचणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत, मूलमध्येही आणि मुलचेऱ्यातही. घरात अशी वही असेल, मराठी असो की बंगाली, तर या रविवारी ती काढा. पानांचे फोटो घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका. आजीला किंवा आजोबांना एकेका ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सांगा, आणि तो आवाज मोबाइलवर भरून ठेवा.