फेरिक क्लोराईड आणि कर्तेपण

छापील सर्किटचा जनक म्हणून पॉल आयस्लरचं नाव घेतलं जातं. हा व्हिएन्नाचा ज्यू इंजिनिअर 1936 साली इंग्लंडला आला. लंडनमधल्या भाड्याच्या खोलीत त्याने छापील सर्किटवर चालणारा रेडिओ बनवला. तो रेडिओ घेऊन तो एका कंपनीकडे गेला, तेव्हा त्याला उत्तर मिळालं, की तारा जोडायचं काम आमच्याकडे मुली करतात आणि त्या स्वस्त पडतात. पुढे युद्धात ही कल्पना तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये वापरली गेली आणि तिचं मोल सगळ्यांना कळलं. मग दावे सुरू झाले. 1963 साली अमेरिकेतल्या न्यायालयात त्याच्या पेटंटवर खटला चालला. आधीच्या कितीतरी लोकांनी तांब्याच्या रेघा छापण्याचे प्रयत्न केल्याचे कागद पुढे आले आणि पेटंट रद्द ठरलं. थोडक्यात, ‘हे कुणी केलं?’ या प्रश्नाला न्यायालयालाही एका नावाचं उत्तर देता आलं नाही.

पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, तपकीर गल्लीतल्या दुकानांतून कॉपर क्लॅडचा, म्हणजे तांब्याचा थर दिलेल्या फायबरचा, तुकडा आणि फेरिक क्लोराईडची पुडी घेऊन घरी परतणाऱ्या विद्यार्थ्यासमोर हाच प्रश्न असतो, फक्त त्याला तो ठाऊक नसतो. त्याने ठरवलेलं असतं, की पीसीबी, म्हणजे छापील सर्किटची पाटी, स्वतःच्या हाताने करायची. चीनमधल्या कारखान्यांना फाइल पाठवली तर काही डॉलरांत पाच बोर्ड घरपोच येतात, हे त्याला माहीत असतं. तरीही ‘मी केली’ म्हणण्यात जी चव आहे, ती कुरिअरच्या खोक्यात मिळत नाही.

आता ‘मी केली’ यातला ‘मी’ तपासून पाहू. सर्किटची आकृती उलटी करून लेझर प्रिंटरवर, गुळगुळीत कागदावर छापली जाते. (अशा वेळी मासिकांची रंगीत पानं फार उपयोगी पडतात, लेखकांनी हे मनाला लावून घेऊ नये.) तांब्याचा पत्रा तारेच्या घासणीने घासून लख्ख केला, त्यावर कागद पालथा ठेवून कपड्यांची इस्त्री दाबून धरली, की टोनर वितळून तांब्याला चिकटतो. टोनर म्हणजे मुळात प्लॅस्टिकचीच पूड. मग पाण्यात भिजवून बोटांनी कागदाचा लगदा हळूहळू सोडवायचा. कुठे रेघ तुटली असेल, तर ती परमनंट मार्करने सांधायची. त्यानंतर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये फेरिक क्लोराईडचं तपकिरी द्रावण आणि त्यात बोर्ड. द्रावण कोमट असलं, तर काम लवकर होतं. ट्रेची एक कड उचलायची, खाली टेकवायची, पुन्हा उचलायची. काळ्या रेघांखालचं तांबं शाबूत राहतं, उघडं तांबं विरघळतं. पंधरा-वीस मिनिटांत पिवळसर फायबर दिसू लागतं, आणि नेमका तिथेच धीर लागतो: लवकर बाहेर काढला, तर दोन ट्रॅकमध्ये तांब्याचा पापुद्रा उरतो, उशीर झाला, तर द्रावण बाजूने आत शिरून रेघच कुरतडतं.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे देह, असं टीकाकार म्हणतात. तो देह इथे ट्रेवर वाकलेला आहे. इस्त्री, मार्कर, ड्रिल ही करणं. ट्रे हलवणं ही चेष्टा. पावसाळी हवेत कागद सर्द होणं, प्रिंटरच्या टोनरची जात, इस्त्रीचा ऐन वेळी बंद पडलेला थर्मोस्टॅट, हे सगळं दैवाच्या खाती. या पाचांत कर्ता फक्त एक. आणि तांबं प्रत्यक्ष कुरतडण्याचं काम तर त्याच्या हातात मुळीच नाही; फेरिक लोहाचे आयन तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतात, ते कुणाच्या आज्ञेची वाट पाहत नाहीत. तरीही जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही, असं त्याच अध्यायाचं म्हणणं आहे.

इथपर्यंत अहंकाराला चाप बसतो, आणि तो बसायलाच हवा. पण लगेच पुढे एक श्लोक येतो, तो जरा अडचणीचा आहे. ज्याच्या ठायी ‘मी’पणा नाही आणि ज्याची बुद्धी लिप्त होत नाही, त्याने मारलं तरी तो मारत नाही, अशा अर्थाचा. हा श्लोक ट्रेमधल्या उरलेल्या पाण्याला लावून पाहावा.

दहा सेंटिमीटर बाय दहा सेंटिमीटरच्या साध्या बोर्डावर तांब्याचा थर पस्तीस मायक्रॉनचा असतो. हिशेब केला, तर एकूण तांबं तीन ग्रॅमच्या आसपास भरतं. रेघा बारीक असल्या, तर त्यातलं दोन ग्रॅमहून जास्त द्रावणात उतरतं. दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण लिटरमागे वीस मायक्रोग्रॅम तांबंसुद्धा कित्येक लहान जलचरांना जड जातं. त्या मापाने दोन ग्रॅम पातळ करायला एक लाख लिटर पाणी लागेल. आणि हे द्रावण बहुतेक ठिकाणी मोरीत जातं.

‘मी केली’ म्हणून बोर्डाचा फोटो चार ग्रुपवर टाकणारा मोरीपाशी मात्र अचानक निरहंकारी होतो: पाणी गेलं, कुठे गेलं देव जाणे. श्लोकात अटी दोन आहेत आणि फोटो टाकणाऱ्याची पहिलीच अट मोडलेली असते. त्यामुळे त्या सवलतीवर त्याचा हक्कच पोचत नाही. बोर्डाचं कर्तेपण घ्यायचं आणि पाण्याचं दैवावर ढकलायचं, ही वाटणी गीतेत कुठे सापडत नाही.

विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती टिपून घेतली. त्यांत विनोबा ‘विकर्म’ शब्दाचा अर्थ नेहमीपेक्षा वेगळा लावतात: बाहेरच्या कर्माला आतून मनाची जोड मिळणं. ती मिळाली, की कर्माचं ओझं राहत नाही. ट्रे हलवणाऱ्याला हे पटकन आवडतं, कारण त्या वीस मिनिटांत मन खरोखर दुसरीकडे जात नाही. पण विनोबांनी ही जोड फक्त आवडीच्या कामाला दिली नव्हती. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पवनारहून जवळच्या सुरगावला चालत जात आणि तिथला मैला साफ करत. विकर्माची कसोटी ट्रेपाशी लागत नाही, ट्रे रिकामा करताना लागते.

ते अवघड नाही. द्रावण एकदा वापरून टाकून द्यायचं नसतंच. त्यात बरेच बोर्ड होतात. ते मंदावलं, की त्यात थोडाथोडा धुण्याचा सोडा घालायचा. फेस येतो, म्हणून भांडं मोठं हवं. लोह आणि तांबं गाळ होऊन खाली बसतं. वरचं पाणी निवळू द्यायचं, गाळ वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करायचा, आणि तो घरच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा. अशी सोय आपल्या बहुतेक शहरांत शोधावी लागते, ही तक्रार खरी आहे. कारखान्यात हेच सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेतून जातं, निदान कागदावर तरी. म्हणजे हाताने केलेलं आपोआप पवित्र ठरतं, असंही नाही. फरक एवढाच, की बोर्ड मागवला तर हिरवट पाणी दुसऱ्याच्या अंगणात राहतं आणि घरी केला तर ते डोळ्यांसमोर असतं.

जाणते लोक आकृती काढतानाच एक युक्ती करतात. ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागा तशाच न सोडता, कडेने थोडं अंतर राखून त्या सगळ्या काळ्या भरून ग्राउंडला जोडतात. त्यामुळे सर्किटमधला गोंगाट कमी होतो, द्रावण जास्त दिवस पुरतं आणि दोन ग्रॅमऐवजी जेमतेम अर्धा ग्रॅम तांबं पाण्यात उतरतं. टोनर तेवढा जास्त लागतो.