कारण आणि समर्थन

सरकारवरील संतापातून घडलेल्या हिंसेचा नैतिक निवाडा करताना समाज बहुधा दोनच प्रश्न विचारतो: संताप खरा होता का, आणि अखेरीस विजय मिळाला का. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले की कृत्य क्षम्य ठरते, दुसऱ्याचे आले की ते पराक्रमात जमा होते, आणि या दोहोंमध्ये प्रत्यक्ष कृत्याचा विचार राहूनच जातो. वर्धा जिल्ह्याला हा विचार टाळता येत नाही, कारण अहिंसेची प्रयोगशाळा ठरलेले सेवाग्राम आणि 1942 च्या रक्तपाताचे आष्टी ही दोन्ही गावे याच जिल्ह्यातली आहेत.

14 जुलै 1942 रोजी वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीने इंग्रजांनी हिंदुस्थान सोडावा असा ठराव केला, 8 ऑगस्टला मुंबईत त्यावर शिक्कामोर्तब झाले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गांधीजींसह सारे प्रमुख नेते तुरुंगात गेल्याने लोकांचा क्षोभ आवरणारे कोणी बाहेर उरले नाही. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबारात गावकरी धारातीर्थी पडले आणि खवळलेल्या जमावाच्या हातून ठाणेदार व शिपाई मारले गेले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर येथेही गोळीबार झाला व सरकारी अधिकाऱ्यांचे बळी गेले. पुढे लष्कर आले, धरपकड झाली आणि खटल्यांत फाशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या.

येथे कारण आणि समर्थन यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. कारण म्हणजे कृत्य का घडले याचा उलगडा, तर समर्थन म्हणजे ते घडायला हवे होते असा निर्वाळा. आष्टीच्या जमावाच्या संतापाला परकी सत्ता, नेत्यांची अटक आणि डोळ्यांदेखत झालेला गोळीबार अशी सबळ कारणे होती, आणि शस्त्र, हुकूम व विचार करण्यास अवसर जिच्या हाती असतो त्या राज्यसंस्थेची जबाबदारी जमावापेक्षा नेहमीच मोठी मानली पाहिजे. तरीही ज्या सत्तेवर राग होता ती दिल्लीत व लंडनमध्ये बसलेली होती, आणि हाती सापडला तो पोटासाठी गणवेश चढवलेला शिपाई. वड्याचे तेल वांग्यावर निघते ते असे. कारण कितीही सबळ असले तरी त्यातून समर्थन आपोआप निपजत नाही.

गांधीजींच्या भूमिकेत या प्रश्नावर विसंगती दिसते, असा आक्षेप घेता येईल. फेब्रुवारी 1922 मध्ये चौरीचौरा येथे 22 पोलीस जमावाकडून मारले गेले तेव्हा त्यांनी असहकाराची देशव्यापी चळवळ थांबवली. 1942 च्या हिंसेचा दोष मात्र त्यांनी सरकारच्या दडपशाहीवर ठेवला आणि 10 फेब्रुवारी 1943 पासून आगाखान पॅलेसमधील कैदेत 21 दिवसांचे उपोषण केले. परंतु पहिल्या प्रसंगी ते मोकळे होते व चळवळीची सूत्रे त्यांच्या हाती होती, तर दुसऱ्या प्रसंगी सूत्रे हिरावून घेणाराच न्यायाधीश होऊन बसला होता. पुढे आष्टी-चिमूरच्या कैद्यांची फाशी टळावी म्हणून त्यांनी जाहीर आवाहन केले व त्या शिक्षा अखेर जन्मठेपेत बदलल्या गेल्या. कृत्याचा निषेध आणि कर्त्याविषयी करुणा ही दोन्ही एकाच मनात नांदू शकतात, हे या आवाहनातून दिसते.

त्याच संतापाने सेवाग्राममध्ये वेगळी वाट धरली. चिमूरमध्ये सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारींची चौकशी व्हावी म्हणून आश्रमवासी प्रा. जयकृष्ण भणसाळी यांनी उपोषण आरंभले आणि 63 दिवसांनी, 12 जानेवारी 1943 रोजी, ते सुटले. त्यांचा राग जमावापेक्षा सौम्य नव्हता. त्याची किंमत मात्र त्यांनी स्वतःच्या देहाने मोजली. अर्थात ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्यांनी असेच वागायला हवे होते, असे सुरक्षित अंतरावरून बजावणे हाही एक प्रकारचा अहंकार होय, कारण साधनशुचितेचा, म्हणजे हेतूइतकेच साधनही शुद्ध असावे या तत्त्वाचा, उपयोग आधी स्वतःला तपासण्यासाठी असतो.

मतपेटी आणि न्यायालय ही साधने तेव्हाच्या आष्टीकरांना खऱ्या अर्थाने उपलब्ध नव्हती. आज ती, कितीही संथ व सदोष असली तरी, आहेत, त्यामुळे समर्थनाची जागा आणखी आक्रसते. आंदोलनात एसटीची गाडी जळते तेव्हा मंत्रालयाला झळ लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशी थांब्यावर ताटकळतात ती त्याच तालुक्यातील शाळकरी मुले. आष्टीच्या नावाशी ‘शहीद’ हा शब्द जोडला गेला आहे आणि तो सार्थच आहे. ठाण्यात मेलेल्या शिपायांच्या घरीही त्या नागपंचमीला कोणी वाट पाहत असेल, एवढे मनात आणल्याने त्या शब्दाचे मोल उणावत नाही.