न कळणारी उणीव

श्वास रोखून धरला की थोड्याच वेळात जीव कासावीस होतो. ऑक्सिजन संपत आला, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तेव्हा रक्तात ऑक्सिजन पुरेसा असतो. आपल्याला छळतो तो साठत गेलेला कार्बन डायऑक्साइड. त्याने रक्ताची आम्लता वाढते, मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेला ती लगेच जाणवते आणि श्वासपटलाला हुकूम सुटतो. हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले की फुप्फुसांतल्या हवेत हा वायू अवघा ०.२ टक्क्यांनी वाढला, तरी श्वसन जवळपास दुप्पट होते. ऑक्सिजनची दखल घेणाऱ्या ग्रंथी मानेतल्या रोहिणींपाशी आहेत, पण त्याची पातळी बरीच घसरेपर्यंत त्या फारशी ओरड करत नाहीत.

निसर्गात हे पुरेसे होते. श्वास कोंडला की एक वायू कमी होतो आणि दुसरा वाढतो. वाढणाऱ्यावर नजर ठेवली की दोन्हींची काळजी घेतली जाते. माणूस नव्या जागी जाऊ लागला आणि ही जोडी फुटली.

१५ एप्रिल १८७५ रोजी 'झेनिथ' नावाच्या बलूनमधून तिघे फ्रेंच आठ हजार मीटरच्या वर गेले. ऑक्सिजनच्या पिशव्या हाताशी होत्या. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल जिवंत परतले नाहीत. वाचलेल्या तिसांदिए यांनी लिहून ठेवले की वर कसलाच त्रास जाणवला नाही, उलट आनंदच वाटत होता. नळी तोंडाशी घ्यावी असे मनात आले, तेव्हा हात उचलेना. विरळ हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो, म्हणून गुदमरल्यासारखे होत नाही; आणि धोका ओळखणारा मेंदूच आधी मंदावतो.

कोविडच्या काळात हेच आपण घरोघरी पाहिले. रुग्ण नीट बोलत असे, 'मला काही होत नाही' म्हणत असे आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ऐंशीच्या घरातला आकडा दाखवत असे. रुग्ण खोटे बोलत नव्हता. त्याचे शरीर त्याला सांगतच नव्हते.

म्हणूनच मैलाटाकीत माणूस उतरवताना 'त्रास झाला तर हाक मार' असे सांगणे मला भयंकर वाटते. ऑक्सिजन नसलेल्या हवेत दोन-चार श्वासांत शुद्ध हरपू शकते. हाक मारायला सवडच मिळत नाही. मागोमाग वाचवायला उतरणाराही तसाच कोसळतो. मुळात माणसाला तिथे उतरवूच नये. जिथे बंदिस्त जागेत जाणे अटळच असेल, तिथे आधी यंत्राने हवा तपासावी. शरीराला जे मोजता येत नाही ते मोजणे हे ज्याच्या हाती काम सोपवण्याचा अधिकार आहे, त्याचे कर्तव्य आहे. आत जाणाऱ्याच्या हिमतीवर ते सोडता येणार नाही.