अज्ञान, अ.पा.क. आई

गावाकडच्या जमिनीचा सातबारा गेल्या वर्षी पहिल्यांदाच मोबाइलवर उघडून पाहिला आणि कळलं, की वयाच्या ४९ व्या वर्षी मी अज्ञान आहे. भोगवटादाराच्या रकान्यात माझं नाव, त्यापुढे 'अज्ञान', मग 'अ.पा.क.' आणि आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. वडील १९८७ साली गेले तेव्हा मी ११ वर्षांचा होतो, त्यामुळे वारसनोंदीत तलाठ्यानं लिहिलं ते बरोबरच होतं. पुढं मी १८ चा झालो, नोकरीला लागलो, लग्न केलं, कर्ज काढून पुण्यात फ्लॅट घेतला. सातबाऱ्याला यातलं काही कुणी कळवलं नाही. हा शेरा आपोआप जात नाही. अर्ज करून कमी करून घ्यावा लागतो.

मला हसू आलं, आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं. इतकी वर्षं मनातल्या मनात जी शंका होती, ती सरकारदरबारी नोंदलेली निघाली. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नाची बैठक होती. याद्या करायला बसलो तेव्हा पलीकडच्यांनी विचारलं, "तुमच्याकडून मोठं कोण बोलणार?" मी सवयीनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

आपली भाषाही या बाबतीत फारशी मदत करत नाही. पंचविशीपर्यंत तिच्याकडे 'गद्धेपंचविशी' आहे आणि साठीला 'साठी बुद्धी नाठी' तयार आहे. मधली ३५ वर्षं तरी शहाणपणाची असावीत. पण तिथं ठळक शब्द सापडतो तो 'चाळिशी', आणि तो तर चष्म्याचं नाव आहे. गाढवपण संपतं कधी आणि बुद्धी येते कधी, याबद्दल म्हणी गप्प आहेत. दिसायला कमी होतं, एवढंच त्या खात्रीनं सांगतात.

कायद्याची मराठी मात्र धीट. तिथं वयात आलेला माणूस थेट 'सज्ञान'. १८७५ च्या कायद्यानं ही रेषा १८ वर्षांवर आखली. मतदानासाठी मात्र १९८९ पर्यंत २१ वर्षं लागत होती, आणि मुलाच्या लग्नाला अजूनही २१ लागतात. म्हणजे १८ व्या वर्षी मी जमीन विकू शकतो, बोहल्यावर चढू शकत नाही. नीट पाहिलं तर या रेषेचा ज्ञानाशी संबंधच नाही. अज्ञानानं केलेला करार कायदा बाद ठरवतो. सज्ञानानं केलेला मूर्खपणा वैध असतो. इथून पुढच्या चुका तुमच्या नावावर, इतकाच त्या शब्दाचा अर्थ.

शाळा सोडल्याचा दाखला घेऊन मी तलाठी कार्यालयात गेलो. अर्ज वाचून समोरच्यानं विचारलं, "अज्ञान कुठंय? सही लागेल त्याची."

"मीच."

त्यानं माझ्या केसांकडे पाहिलं. "बरेच दिवस राहिलात."

मग फेरफार धरला गेला आणि नोटीस निघाली: कुणाची हरकत असल्यास १५ दिवसांत कळवावी. मी मोठा झालो, यावर गावातल्या कुणाचीच हरकत आली नाही. मलाच एक घ्यावीशी वाटत होती.

त्या १५ दिवसांत आईशी बोलताना कांद्याची पट्टी निघाली. वडील गेल्यावर कांदा घेऊन तीच बाजार समितीत जायची, मला बरोबर न्यायची. लिलाव, वजन झालं की अडत्या हिशोबाची पट्टी द्यायचा. वजन, भाव, मग आडत, हमाली, तोलाई अशी कपात. आई त्या ओळींवरून सावकाश बोट उतरवत न्यायची आणि एका ठिकाणी थांबवायची. बोलायची काही नाही. अडत्या पट्टी मागून घ्यायचा, पुन्हा बेरीज करायचा. एकदा हमाली दोनदा कापलेली निघाली. मोठं होणं म्हणजे काय, हे तेव्हा माझ्या मनात पक्कं झालं: असं बोट थांबवता येणं.

"तुला काय दिसायचं गं त्याच्यात?" मी इतक्या वर्षांनी विचारलं.

"मला कुठं काय कळायचं? बोट थांबलं की तो परत मोजायचा. आणि तू बघत असायचास ना."

तेव्हा ती ३२ वर्षांची होती.

मी ३० वर्षं माझ्या आतला गोंधळ तिच्या त्या बोटाशी ताडून पाहत होतो आणि दर वेळी कमी भरत होतो. पोराला मोठ्यांचं फक्त बोट दिसतं. त्यामागची धडधड ऐकू येत नाही. सातबाऱ्यानं ती ओळ फार नेमकी लिहिली होती. तिथं 'अज्ञान' या शब्दासमोर 'सज्ञान' कुणी नव्हतंच, पालनकर्ता होती. न कळणारी दोन माणसं, आणि त्यातल्या एकानं दुसऱ्याचा भार घेतलेला.

हे कळल्यावर दिलासा वाटायला हवा होता. पण त्याला जोडून एक नको असलेला प्रश्न आला. सज्ञान होऊन ३१ वर्षं झाली तरी मला हा शेरा दिसला कसा नाही? कारण मी पाहिलंच नव्हतं. शेतसारा आई भरत होती, वाटेकऱ्याशी आई बोलत होती, बांधाची कुरबुर आई मिटवत होती. 'मी अजून मनानं लहानच आहे' असं मी मित्रांत कौतुकानं म्हणायचो, तेव्हा त्या लहानपणाचा खर्च गावाकडे कुणीतरी उचलत होतं. आपण मोठे झालो आहोत असं न वाटणं, यात माझा काही दोष नाही; तसं बहुधा कुणालाच वाटत नसावं. पण त्या न वाटण्याच्या आडोशाला बसून राहणं ही वेगळी गोष्ट, आणि ती मी केली.

फेरफार मंजूर झाला. नवा उतारा घेऊन गावी गेलो. आधी त्यावर आईचं नाव दोनदा होतं, एकदा खातेदार म्हणून आणि एकदा माझी पालनकर्ती म्हणून. आता एकदाच आहे, माझ्या नावाशेजारी. तिनं चाळिशी लावली आणि कागदावरून सावकाश बोट उतरवत नेलं. माझ्या नावाशी ते थांबलं.

चूक काहीच नव्हती. तरी मी ती ओळ पुन्हा वाचली.