पाप पदरी घेताना सोबत हवी

नगर शहरातल्या किंवा राहुरी, नेवासे, श्रीरामपूर पट्ट्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या तरुण मेळाव्यांत पापाचा विषय निघाला, की यादी ठरलेली असते. गुटखा, दारू, मोबाइलवरचे घाणेरडे व्हिडिओ, घरच्यांपासून लपवलेले प्रेम, रविवारच्या उपासनेला दांडी. ही यादी खोटी नाही. त्या एकेका गोष्टीने घरे उद्ध्वस्त झालेली आहेत. पण यादीनंतर जो उपाय सांगितला जातो तो तरुणाला एकटे पाडणारा असतो. निश्चय कर, पहाटे उठून प्रार्थना कर, वाईट संगत सोड, असे सांगून त्याला घरी पाठवले जाते. तो निश्चय करतो, पंधरा दिवसांत पडतो, आणि आता पापाबरोबर लाजही लपवायची म्हणून मंडळीत येणेच कमी करतो. मग वडीलधारी मंडळी म्हणतात, पोरांमध्ये आस्था उरली नाही. मला वाटते, आस्था पुष्कळ आहे, उपाय अपुरा आहे. तरुणपणीचे पाप बहुधा सोबतीने लागते, आणि ते सुटायचे तर सोबतीनेच सुटते. ख्रिस्ती परंपरेला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, आणि आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातही त्याचा पुरावा आहे.

संत ऑगस्टीनने इसवी सन 400च्या सुमारास आपल्या आयुष्याची कबुली लिहिली. तीत त्याने सोळाव्या वर्षी केलेल्या एका चोरीवर पानेच्या पाने खर्च केली आहेत. मित्रांच्या टोळक्याने रात्री शेजारच्या झाडाची फळे पाडली आणि बरीचशी डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, फळेही काही विशेष नव्हती. एवढ्याशा गोष्टीला इतका मोठा माणूस इतका वेळ का देतो, असे प्रथम वाटते. पण तो पुन्हा पुन्हा एकाच जागी येतो: मी एकटा असतो तर हे केले नसते. ‘चल’ म्हणणारा कुणी असला की नाही म्हणण्याचीच शरम वाटते, हे त्याने ओळखले होते. पाथर्डी-शेवगावहून शिकायला नगरला येऊन खोली करून राहणाऱ्या मुलाला हे वेगळे सांगायला नको. पहिली पुडी, पहिली बाटली, पहिला व्हिडिओ दुसऱ्याच्या हातून येतो. असे असेल तर ‘संगत सोड’ हा सल्ला अर्धाच झाला. जुनी संगत सुटल्यावर जी पोकळी राहते ती भरायला मंडळी काय देते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ठिकाणी आठवड्यातून दीड तासाची सभा एवढेच आहे.

आता आपल्याकडचा दाखला. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली अहमदनगरला ठाणे उघडले, 1842 साली इथूनच ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले, आणि रेव्हरंड नारायण वामन टिळक 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर इथेच येऊन राहिले, शिकवू लागले. टिळकांची कविता आपण गातो, पण या विषयात मला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई अधिक महत्त्वाच्या वाटतात. त्यांचा बाप्तिस्मा पतीनंतर पाच वर्षांनी, 1900 साली झाला. मधल्या वर्षांत सोवळे-ओवळे त्यांच्या अंगात किती खोल भिनलेले होते आणि ते कसे एकेक पदर सुटत गेले, हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लपवाछपवी न करता सांगितले आहे. माणसाला माणसाचा विटाळ मानणे हे पाप आहे, हे त्यांना कुणी व्यासपीठावरून पटवले नाही. ज्यांचे पाणी चालत नव्हते अशांच्या शेजारात त्या राहिल्या, त्यांची दुखणी-खुपणी पाहिली, अनाथ मुले पदरात घेतली, आणि एके दिवशी विचार करता करता जुनी समजूत टिकेनाशी झाली. लक्ष्मीबाईंनी हे एका निश्चयात केले असते तर त्यांचा मोठेपणा वाढला नसता. त्यांना वेळ लागला आणि ज्यांच्यात त्या होत्या त्यांनी तो दिला, हेच मला आजच्या तरुणांपुढे ठेवावेसे वाटते.

दुसरा दाखला श्रीगोंद्याला लागून असलेल्या दौंड तालुक्यातला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जे आध्यात्मिक जागरण झाले त्याची चर्चा बहुधा त्यातल्या चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींभोवती होते. माझे लक्ष त्याआधीच्या महिन्यांकडे जाते. पंडिता रमाबाईंनी वर्षाच्या सुरुवातीला रोज एकत्र प्रार्थनेला कोण बसेल असे विचारले आणि सुमारे 70 जणी पुढे आल्या. पुढे ती संख्या कितीतरी वाढली. मुलींनी रडत आपली पापे पदरी घेतली ती महिनोन्महिने शेजारी बसलेल्या सोबतिणींच्या देखत. त्यांतल्या अनेक दुष्काळातून आलेल्या, टाकलेल्या, छळलेल्या. ज्यांना जगाने कधी विश्वासाने ऐकून घेतले नव्हते त्या एकमेकींपुढे बोलल्या, याचे मोल मला त्या चमत्कारिक वाटणाऱ्या गोष्टींइतकेच वाटते.

यावर पहिला आक्षेप श्रद्धेच्या आतून येतो. पाप हा माणूस आणि देव यांच्यातला व्यवहार आहे, क्षमा ख्रिस्ताच्या कृपेने मिळते, मित्रमंडळींचे त्यात काय काम? रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायातली पौलाची तगमग, हवे ते हातून होत नाही आणि नको ते होते, ही एकट्याचीच तर आहे. आक्षेप गंभीर आहे, आणि कृपेच्या जागी गट बसवायचा असेल तर तो चूक ठरेल. पण नव्या करारातच याकोब विश्वासणाऱ्यांना आपली पापे एकमेकांजवळ कबूल करायला आणि एकमेकांसाठी प्रार्थना करायला सांगतो. मार्काच्या शुभवर्तमानात चौघे जण छप्पर उसकटून पक्षाघाती मित्राला येशूपुढे उतरवतात, आणि येशू त्या आणणाऱ्यांचा विश्वास पाहून त्याला पापांची क्षमा सांगतो. क्षमा प्रभूचीच, पण खाट उचलायला चौघे लागले. पौलानेही आपली तगमग मनात दाबून ठेवली नाही, रोममधल्या मंडळीला लिहून कळवली.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे आणि मला तो जास्त अस्वस्थ करतो. आपल्या मंडळ्या लहान, सगळे एकमेकांचे नात्यागोत्यातले. आज सांगितलेले उद्या चार घरांत पोहोचते, आणि त्याची किंमत मुलापेक्षा मुलीला फार जास्त मोजावी लागते. हे खरे आहे. म्हणून तरुण संघाच्या भरल्या सभेत साक्ष म्हणून पापे वदवून घेणे मला मान्य नाही. त्यात रडणे होते, टाळ्या होतात आणि सोमवारी तो मुलगा पुन्हा एकटा असतो. इथे दोघे-तिघे हवेत, मुलींसाठी मुली, मुलांसाठी मुले, ज्याने त्याने स्वतः निवडलेले, रोजच्या भेटीतले. आणि एक मर्यादा स्पष्ट हवी: जिथे कुणावर अत्याचार झाला आहे, कुणी अल्पवयीन आहे, तिथे प्रार्थनेच्या नावाखाली गोष्ट दाबणे हेच नवे पाप होईल. तिथे पोलीस आणि कायदा आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला ‘क्षमा कर’ म्हणून घरी पाठवणाऱ्या पाळकाने आपले काम केलेले नाही.

शिवाय नगरच्या ख्रिस्ती तरुणाचे सोबती काही सगळे ख्रिस्ती नसतात. वर्गात, मैदानावर, कंपनीच्या पाळीत ते हिंदू, बौद्ध, मुसलमान असतात. गणपतीत मित्राच्या घरी प्रसाद हातावर आला तर काय करायचे, हा दरवर्षीचा प्रश्न. करिंथच्या मंडळीला नेमका हाच पेच पडला होता, आणि मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याविषयी पौलाने जे उत्तर दिले त्यात खाण्यापेक्षा शेजारी बसलेल्या दुर्बळ बंधूच्या विवेकाची काळजी मोठी आहे. तो देवळातल्या पंगतीला बसू देत नाही, पण विश्वास नसलेल्याच्या घरचे आमंत्रणही तोडायला सांगत नाही. घेतला किंवा नम्रपणे नाही म्हटले, दोन्हींत मित्राचा अपमान आणि स्वतःची फसवणूक टाळता येते. मला खरी कसोटी याहून वेगळी दिसते. वर्गातल्या एखाद्या मुलाला जातीवरून टोमणा मारला जातो तेव्हा ख्रिस्ती मुलगा काय करतो? हसणाऱ्यांत हसतो की त्याच्या बाजूला जाऊन बसतो? ठरलेल्या यादीत हे पाप क्वचितच असते.

ते यादीत नसण्याचे कारण आपल्याच घरात आहे. या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती पूर्वीच्या महार आणि मांग समाजांतून आले. एका मेजावर प्रभूभोजन घेणाऱ्या कुटुंबांत लग्नाची बोलणी निघाली की पूर्वीची जात हळूच विचारली जाते, आणि तरुण ते ऐकत असतात. त्यात 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख आणि 1990 साली बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. परिणामी कितीतरी घरांत दाखल्यावर एक धर्म आणि देव्हाऱ्याच्या जागी क्रूस, अशी दुहेरी नोंद चालते. तिला सरळ खोटेपणा म्हणून तरुणाच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते, कारण शिक्षणाची दारे त्याने बंद केलेली नाहीत. पण ती नोंद त्याला शाळेत जाण्याच्या वयापासून एक धडा देते: जे खरे आहे ते सांगायचे नसते. हा धडा पक्का झालेल्या मुलाकडून मंडळी अपेक्षा करते, की त्याने आपले व्यसन, आपली भीती, आपले पडणे उघड करावे. त्याने बोलावे असे वाटत असेल तर आधी मोठ्यांनी त्याच्यासमोर हा विषय काढला पाहिजे, दाखल्याचाही आणि लग्नातल्या जातीचाही, आणि तोही व्यासपीठावरून नव्हे, तरुण संघाच्या बैठकीत त्यांच्याबरोबर सतरंजीवर बसून.