मागे बसलेल्याकडे वळलेले तोंड

हिंगोली जिल्ह्यातील एका खेड्यात स्त्रियांच्या बचतगटाच्या बैठकीस आम्ही बसलो होतो. थकलेल्या हप्त्यांचा विषय निघाला होता. टिपणे घेण्याचा त्रास वाचावा म्हणून आमच्याच सूचनेवरून एका तरुणाने आपला मोबाईल सतरंजीच्या मध्यभागी ठेवला व ध्वनिमुद्रण सुरू केले. तोवर आपल्या घरची अडचण मोकळेपणाने सांगत असलेली एक विधवा भगिनी मध्येच थांबली. "फादर, हे कुठं जाणार?" एवढेच तिने विचारले. आम्हांस उत्तर देता आले नाही. मोबाईल बंद केला तेव्हा ती पुढे बोलली आणि सर्वांनी तिला हप्त्यांत सवलत दिली. दोन महिन्यांनी त्या सवलतीवरून वाद उत्पन्न झाला. वहीत तिची नोंदच नव्हती. तेव्हा तीच भगिनी आम्हांस म्हणाली, "त्या दिवशी फोन चालू राहिला असता तर बरं झालं असतं."

तिची ही दोन्ही वाक्ये आम्हांस खरी वाटतात. यंत्रासमोर दुर्बलाचे तोंड बंद होते आणि पुढे तेच यंत्र दुर्बलाचा साक्षीदार होऊ शकते. मग जेथे सर्वांनी मिळून विचार करावयाचा, तेथे यंत्राला कोणते स्थान द्यावे? हा प्रश्न सोयीचा म्हणून सोडून देता येणार नाही. एखाद्याच्या दुःखावर आणि शब्दावर अधिकार कोणाचा, असा तो नैतिक प्रश्न आहे.

त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ साली ग्रामसभेला संविधानात स्थान मिळाले. पण सभेत बोलले गेले एक आणि ठरावाच्या वहीत लिहिले गेले दुसरे, ही तक्रार खेड्यापाड्यांत नवी नाही. कोऱ्या पानावर अंगठा उमटवून घेतल्याच्या गोष्टी आपणही ऐकल्या असतील. अशा ठिकाणी ध्वनिमुद्रण म्हणजे गरिबाच्या हाती आलेला पुरावाच होय. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या पंचायत राज मंत्रालयाने 'सभासार' नावाची संगणकीय व्यवस्था आणली. ग्रामसभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून ती कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने इतिवृत्त तयार करते. तिचा आरंभ त्रिपुरा राज्यातून झाला. खेड्यातील वाद निवळण्यास तिची मदत झाली तर आम्हांस आनंदच वाटेल.

तथापि सार काढणे म्हणजे काय, याचा विचार व्हावयास हवा. सार काढणारा काही ठेवतो आणि काही टाकतो. सभेत एखादा जमीनदार अर्धा तास बोलतो. शेतमजूर बाई दाराशी उभी राहून अर्धेच वाक्य बोलते आणि पदर सावरून गप्प होते. शब्दांच्या राशीत ते अर्धे वाक्य हरवण्याचा धोका मोठा असतो. हा दोष एकट्या यंत्राचा नाही. वही लिहिणाऱ्या माणसांनीही अशी वाक्ये वर्षानुवर्षे गाळलीच आहेत. फरक इतकाच की, माणसाला आपण जाब विचारू शकतो, तर यंत्राने छापून दिलेला कागद निर्विवाद मानण्याकडे आपला कल होतो.

या संदर्भात आमच्या जिल्ह्यातील एक आख्यायिका आम्हांस आठवते. नरसी हे संत नामदेवांचे जन्मस्थान मानले जाते. औंढा नागनाथाच्या देवळासमोर ते कीर्तन करीत असता त्यांना तेथून उठवून मागे जाण्यास सांगण्यात आले. ते मागे गेले व तेथेच कीर्तन करीत राहिले. तेव्हा देवळानेच आपले तोंड त्यांच्याकडे वळविले, अशी ही कथा आहे. आमच्या मते प्रत्येक सभेची कसोटी हीच: मागे बसविलेल्याकडे तिचे तोंड वळते की नाही? यंत्रालाही हीच कसोटी लावावी.

या कसोटीवर एकच साधन कधी उतरते, कधी उतरत नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी गाव सोडून गेलेल्या कुटुंबास मोबाईलवरून बैठकीत बोलता आले, तर दूर गेलेला माणूस सभेत परत येतो. उलट बैठकीची सूचना केवळ व्हॉट्सॲपवर दिली, तर ज्या वृद्धेकडे मोबाईल नाही ती गावात असूनही सभेबाहेर राहते. म्हणून दवंडी आणि घरोघरचा निरोप यांना आम्ही अद्याप निवृत्त करू इच्छित नाही.

रोम येथे ऑक्टोबर २०२३ मध्ये भरलेल्या सिनडच्या सभेत महागुरू, धर्मभगिनी व प्रापंचिक गोलाकार मेजांभोवती एकत्र बसले होते. स्त्रियांना तेथे प्रथमच मताधिकार मिळाला. मेजांवर मतदानासाठी टॅब्लेट होते. पण प्रत्येकाने आपल्या पाळीने बोलावे, इतरांनी ऐकावे आणि मध्ये काही काळ सर्वांनी शांत राहावे, अशी तेथील रीत होती. मते मोजण्याचे काम यंत्राकडे आणि ऐकण्याचे काम माणसांकडे, ही वाटणी आम्हांस शहाणपणाची वाटते. आपल्या धर्मग्राम परिषदेत मात्र पडद्यावर चित्रे सरकू लागली की, आम्ही धर्मगुरूच अधिक बोलतो आणि लोक अंधारात बसून राहतात, हे आम्ही कबूल केले पाहिजे.

त्या बचतगटाने पुढे स्वतःच एक नियम केला. अडचणी सांगितल्या जात असता मोबाईल बंद राहतो. निर्णय झाला म्हणजे तो चालू केला जातो आणि निर्णय मोठ्याने वाचला जातो. ज्याच्याविषयी तो आहे त्याने होकार दिल्यावाचून तो वहीत उतरत नाही. ध्वनिमुद्रण कोणाजवळ राहील, हेही सर्वांसमक्ष ठरते. यात अर्धा तास अधिक जातो. हळद काढणीच्या दिवसांत अर्ध्या तासाचे मोल काय असते, हे त्या स्त्रिया जाणतात. तरी तो त्या देतात.

"हे कुठं जाणार?" या प्रश्नाला त्या दिवशी आमच्यापाशी उत्तर नव्हते. आता मोबाईल हाती घेण्यापूर्वी त्याचे उत्तर आम्ही आधी देतो, आणि ते कोणास मान्य नसेल तर मोबाईल खिशातच ठेवतो.