वरचे दूध आणि आईपण

बाळंतिणीला दूध कमी आले आणि बाळाला वरचे द्यावे लागले, तर आईपणात उणीव राहते का? नागपुरात या प्रश्नाला जवळचा संदर्भ आहे. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर ज्या बौद्ध धम्माची दीक्षा झाली, त्याच्या परंपरेत सिद्धार्थाची जन्मदात्री महामाया सातव्या दिवशी गेली आणि मावशी महाप्रजापती गौतमीने त्याला अंगावर पाजले. भिक्खुणी संघ पुढे तिच्यापासूनच सुरू झाला. जन्म एकीचा, दूध दुसरीचे. परंपरेला त्यात काही उणे दिसले नाही. आयुर्वेदानेही धात्री, म्हणजे दूध पाजणारी दाई, सांगितली, ती नसल्यास शेळीचे किंवा गाईचे दूध. (नवजाताला आज ते देऊ नये.)

व्यवहारात बाळाला आधी अंगावर घेतात, चीक वाया जाऊ देत नाहीत आणि डॉक्टरांनी सांगितले तेवढेच पावडरचे दूध मग वाटी-चमच्याने पाजतात. बाळ जितके ओढते तितके दूध उतरते. वरच्या दुधाने पोट भरले की ते ओढत नाही. म्हणून चुकलेल्या पाजणीला आईने हाताने दूध काढायचे असते.

१९९२ च्या कायद्याने पावडरच्या दुधाच्या जाहिरातीला बंदी आहे. ही बंदी विकणाऱ्यांवर आहे. गरजेपोटी डबा आणणाऱ्या सुनेला बोल लावायला या बंदीचा आधार मिळत नाही.